गिरणीच्या दाराशी

सार्जंट डेव्हिसन मक्विंजाला वर्गात दोनदा नापास केलं होतं, आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं. त्याला गप्प बसवेना.

पोलिसांतल्या नव्या भरतीच्या पोरांना कवायत शिकवण्यात त्याची उमर गेली होती. मैदानाच्या या टोकाला त्याने ‘सावधान’ म्हटलं की त्या टोकाला भटारखान्यातली आचारीणसुद्धा पळी हातात घेऊन ताठ उभी राहते, असं पोरं सांगत. तोंडावर ‘सर’ म्हणत आणि पाठ फिरली की ‘ढोल’. मक्विंजाला दोन्ही ठाऊक होतं आणि मनातून दोन्ही आवडत होतं.

मग वरून फर्मान आलं, की जे नव्यांना शिकवतात त्यांनी आधी स्वतः नेतृत्व शिकायचं. चाळिशी ओलांडलेले सार्जंट शाळकरी पोरांसारखे खुर्च्या गोल करून बसले. शिकवायला सुपरिंटेंडेंट चिराम्बो मॅडम. त्या कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे मक्विंजाला त्यांची भीती वाटे. त्या खोटी भांडणं लावायच्या. एक जण दुकानदार, एक चोर, आणि सोडवायला एक शिकाऊ शिपाई. सार्जंटांनी नुसतं मागे उभं राहायचं. शिकाऊ अडखळला की मक्विंजा पुढे घुसे आणि चोराची मानगूट धरे.

“चोर सापडला, मक्विंजा,” मॅडम म्हणाल्या. “तुमचा शिपाई काय शिकला?”

“हेच, मॅडम, की मी असलो की चोर सुटत नाही.”

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. “आणि तुम्ही नसलात की?”

उत्तर नसलं म्हणजे आपलं चुकलं असं मानणाऱ्यांतला मक्विंजा नव्हता.

वर्ग संपला आणि परीक्षेचा दुसरा भाग सुरू झाला. एकेका सार्जंटला एकेक नवा शिपाई देऊन ठाण्यांवर धाडलं. महिनाभर काम शिकाऊने करायचं, निर्णय त्याचा. सार्जंटने त्याच्या पाठीशी राहायचं आणि अगदी जिवावर बेतलं तरच पुढे व्हायचं. मक्विंजाच्या वाट्याला चहाच्या मळ्यांतलं एक डोंगरी ठाणं आलं आणि शिकाऊ म्हणून आली एस्तेरे नखुम्वा. विशीतली, काटकुळी. प्रश्न विचारला की आधी जरा थांबायची, मग बोलायची, तेही हळू. मैदानावर त्यानेच तिला शिकवलं होतं. “नखुम्वा, तुझ्या आवाजाला कोंबडीसुद्धा उठणार नाही!” असं सगळ्या रांगेसमोर ओरडलाही होता.

त्या दिवसांत त्या डोंगरांवर एकच बोलणं होतं. माणसांचं रक्त काढून नेणारे लोक फिरताहेत म्हणे. रात्री दिवा चमकतो, माणूस सकाळी पांढराफटक उठतो, नाहीतर उठतच नाही. गावोगाव पोरांनी रस्त्यावर ओंडके टाकून पहारे बसवले होते. पलीकडच्या तालुक्यात एका पाहुण्याला दगडांनी ठेचून मारलं होतं, आणि तो बिचारा मेहुणीच्या लग्नाला आला होता.

शनिवारी दुपारी ठाण्यातला फोन वाजला. ठाणेदार दुसरी गाडी घेऊन जिल्ह्याला गेले होते. एस्तेरेने फोन घेतला. पलीकडून एक गिरणीवाला कुजबुजत होता.

“बाई, कुणाला तरी पाठवा. माझ्या गिरणीत एक माणूस शिरलाय. लोकांनी मारलंय त्याला खूप. मी आतून कडी घातली. दार लोखंडाचं आहे, पण ते पेट्रोल आणायला गेलेत.”

एस्तेरेने फोन ठेवला तोवर मक्विंजाने रायफल खांद्याला अडकवलीही होती. “चला!” तो म्हणाला, आणि मग त्याला आठवलं. तो घसा खाकरून म्हणाला, “म्हणजे... तू सांग काय ते.”

“चला,” एस्तेरे म्हणाली.

गाडी सायटी चालवत होता. हा ड्रायव्हर घाबरला की जास्त बोलायचा, आणि त्या दिवशी त्याचं तोंड क्षणभर बंद नव्हतं. “दंगलीचं पथक येतंय ना? नाही? शहरातून यायला अंधार पडेल? वा! म्हणजे आपण तिघं. सार्जंट, मी गाडीतून उतरणार नाही हं, आधीच सांगतो. आणि कुणी माझं रक्त तपासायला मागितलं तर सांगा, याला मलेरिया आहे, उपयोगाचं नाही.”

“गप रे,” मक्विंजा म्हणाला. मग एस्तेरेकडे वळून, “तिथं गेल्यावर आधी आवाज टाकायचा. जमाव म्हणजे गुरं असतात. पहिली हाक ज्याची, त्याच्या मागे जातात. बंदूक दिसू द्यायची. कळलं?”

एस्तेरे जरा थांबली. “सार्जंट, ते तीनशे असले तर?”

“तर मोठ्याने ओरडायचं.”

तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेले त्याने पाहिले.

गावाच्या तोंडाशी निलगिरीचा ओंडका आडवा पडला होता. पंधरा-वीस जण कोयते घेऊन उभे. एकाने बॉनेटवर थाप मारली. “कुठं? त्या रक्त पिणाऱ्याला सोडवायला आलात?”

मक्विंजाने श्वास छातीत भरला. पण एस्तेरे दार उघडून खाली उतरलीच होती. “अटक करायला आलेय, दादा. तुम्ही पकडलाय म्हणे ना? मग माझ्या ताब्यात द्यायला नको? आणि त्याला काय मी डोक्यावरून न्यायचा? गाडी आत जाऊ द्या.”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. ‘अटक’ शब्द त्यांना पटला. ओंडका सरकला. मक्विंजाला मनात बरं वाटलं आणि लगेच चिंताही वाटली. हिने तोंडाने मोठं देणं कबूल केलं होतं. आता ते फेडायचं कसं?

गिरणीसमोर गर्दी नुसती उकळत होती. बाया, म्हातारे, चहा खुडणाऱ्या मजूरणी पाठीवरच्या टोपल्यांसकट. मधोमध आत शिरलेल्या माणसाची सायकल जळत होती आणि रबराचा काळा धूर डोळ्यांत जात होता. लाल फुटबॉलचा शर्ट घातलेला एक उंच तरुण दारावर लाथा घालत होता. त्याच्या हातात पेट्रोलचा पिवळा कॅन. विलार्ड त्याचं नाव. वीटभट्टीवर काम करायचा, खांदे बैलासारखे. एस्तेरे तिघांत वयाने धाकटी, तिला पाहून तो हसला.

“अरे, हे बघा! सरकारने पोरगी पाठवली! शाळा सुटली का गं?”

“सुटली,” एस्तेरे म्हणाली. “आत कोण आहे?”

“बाटल्यावाला. पेटीत बाटल्या घेऊन फिरतो. छोट्या छोट्या. बर्फात ठेवलेल्या. सांग बरं, बर्फात काय ठेवतात?”

मागून कुणीतरी ओरडलं, “रक्त!” आणि तो शब्द सगळीकडून उठला.

दाराच्या फटीतून गिरणीवाल्याचा आवाज आला. “अरे, कोंबड्यांचं औषध आहे ते! मानमोडीचं! डोळ्यांत थेंब टाकतो तो कोंबड्यांच्या!”

“तू गप! तुलाही त्याच्यासोबत जाळू!”

मक्विंजाला कळून चुकलं की औषध आहे हे पटवून आज काही होणार नाही. या लोकांना दुसरंच काहीतरी हवं होतं. काय, ते त्याला सांगता आलं नसतं. त्याची नजर सारखी गिरणीच्या मागच्या बाजूला जात होती. तिथं पत्रा कमकुवत दिसत होता.

एस्तेरेने विचारलं, “रक्त कुणाचं गेलं? माझ्यासमोर या. मला तक्रार घ्यायला नको का?”

गलका जरा उतरला. ढकलाढकल झाली आणि बायांनी एकीला पुढे आणलं. फालेसी तिचं नाव. डोक्याला दुखवट्याचं फडकं, डोळे सुजलेले. सात वर्षांची लेक तिने परवा पुरली होती. ताप आला, ओठ पांढरे झाले, तळहात पांढरे झाले, आणि पोर गेली.

एस्तेरेने टोपी काढली. त्या धुळीत, त्या धुरात, ती फालेसीसमोर खाली बसली. दुखवट्याला गेल्यावर बाया बसतात तशी, पाय एका बाजूला दुमडून. “मावशी,” ती म्हणाली, “मला कळलं नव्हतं. मातीला यायला हवं होतं. नाव काय होतं तिचं?”

फालेसीने नाव सांगितलं आणि तिचा बांध फुटला. तीही बसली. मग मागची म्हातारी बसली, मग टोपल्यावाल्या. बघता बघता बाया बसत गेल्या आणि पुढे नुसते पुरुष उभे राहिले, कोयते हातात, काय करावं न कळून. फालेसीचा हात धरून एस्तेरे ऐकत होती. पोर कशी हसायची, आजारात काय मागायची, दवाखान्यात रक्त नाही म्हणून कसं परत पाठवलं.

मक्विंजाला हे सगळं वेड्यासारखं वाटत होतं. त्याच्या कानामागून घाम गळत होता. जमावासमोर पोलीस जमिनीवर बसतो? पाठ उघडी टाकून? त्याचा आतला ढोल वाजत होता, पुढे हो, पुढे हो. जिवावर बेतलं तरच, असं मॅडम म्हणाल्या होत्या. मग हे काय होतं? त्याने मनाला आवळून धरलं.

तेवढ्यात विलार्ड आणि दोघे-तिघे हळूच बाजूला सरकले आणि कॅन घेऊन गिरणीच्या मागे वळले.

“थांबा!” मक्विंजा गरजला. “मागे व्हा! सगळे मागे! नाहीतर गोळी घालीन!”

रायफल त्याच्या हातात आली होती. आवाज नेहमीसारखाच लागला, भिंतीवर आदळून परत आला. पण इथं कुणी ताठ उभं राहिलं नाही. बाया किंचाळत उठल्या. फालेसीला कुणीतरी ओढून नेलं. जमाव एकदम आवळला आणि कुठूनसा दगड आला. तो मक्विंजासाठी असावा. लागला एस्तेरेला, भुवईवर. ती एका गुडघ्यावर आली. रक्त डोळ्यात उतरलं.

“बघा! बघा! आम्हाला मारायला आलेत! त्यालाच सामील आहेत!”

मक्विंजाने रायफलमध्ये गोळी चढवली. एक गोळी हवेत, त्याने ठरवलं. एक हवेत, आणि पुढे जे होईल ते. समोर कोयते वर झाले होते. सायटीने गाडीच्या काचा चढवलेल्या त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसल्या.

“सार्जंट.” एस्तेरे उभी राहिली होती. तिने वळूनही पाहिलं नाही. “बंदूक गाडीत ठेवा.”

मक्विंजाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“बंदूक गाडीत ठेवा. हा हुकूम आहे.”

पुढच्या लोकांनी ऐकलं. कुणीतरी खदाखदा हसलं. “अरे, पोरगी सार्जंटला हुकूम देतेय!” “बघू या, म्हातारा ऐकतो का!” “घरी बायकोचंही ऐकत असेल!”

त्याचे कान पेटले. हाताच्या बाह्यांवर तीन पट्ट्या होत्या आणि समोर ही, कालपर्यंत रांगेत चुकीचा पाय टाकणारी. बंदूक ठेवली तर दोघांचा जीव उघड्यावर. नाही ठेवली तर? नाही ठेवली तर हिचा शब्द इथंच संपला, आणि हिच्या शब्दाखेरीज त्या गिरणीतल्या माणसाजवळ दुसरं काही उरलं नव्हतं.

त्याने टाचा जुळवल्या. साहेबाला ठोकतात तसा खणखणीत सलाम ठोकला. “होय, मॅडम.” आणि जमावाकडे पाठ करून गाडीपर्यंत चालत गेला. ती वाट त्याच्या आयुष्यातली सगळ्यात लांब वाट होती. रायफल त्याने सायटीच्या मांडीवर ठेवली.

“सार्जंट, वेड लागलं का?” सायटी पुटपुटला.

“दार बंद ठेव. इंजिन चालू ठेव.”

तो परतला आणि एस्तेरेच्या मागे एका पावलावर उभा राहिला. एका म्हाताऱ्याने त्यालाच विचारलं, “बाबा, तुम्ही सांगा. त्याला नेऊन सोडून देणार ना तुम्ही?”

“मला नका विचारू, काका,” मक्विंजा म्हणाला. “मोठ्या त्या आहेत. त्यांना विचारा.”

हे ऐकून हसणारे थांबले. ज्या बाईला एवढा थोराड सार्जंट सलाम ठोकतो ती कोण असेल, असं लोक आता तिच्याकडे पाहू लागले. एस्तेरेने हाताने भुवई दाबून धरली होती. बोटांमधून रक्त कोपरापर्यंत येत होतं.

“हे बघा,” ती म्हणाली, “माझंही गेलं. सगळ्यांसमोर गेलं. कुणी घेतलं, मी विचारत नाही. मी फालेसी मावशींची तक्रार घेतलीय. तो माणूस आणि ती पेटी, दोन्ही मला पाहिजेत. माणूस जळाला तर मी विचारू कुणाला? राखेला?” मग तिने गिरणीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. “तुम्ही. लाल शर्ट. इकडे या.”

विलार्ड आला, पण हातातला कॅन सोडला नव्हता.

“पेटी तुम्ही धरायची. ठाण्यापर्यंत. मी हात लावणार नाही. नाहीतर म्हणाल वाटेत बाटल्या बदलल्या. गाडीत माझ्यासोबत बसा, त्याला कोठडीत घालताना डोळ्यांनी बघा, आणि येऊन गावाला सांगा.”

“मी?” विलार्ड म्हणाला.

“का? भीती वाटते?”

मागून एका म्हातारीने टोमणा मारला. “जा की रे! दाराला लाथा घालताना बरा वाघ होतास!”

लोक हसले. या वेळचं हसू वेगळं होतं. विलार्ड ओठ चावत उभा राहिला. मग त्याने कॅन खाली ठेवला.

कडी निघाली. गिरणीवाल्याने त्या माणसाला जवळजवळ उचलूनच बाहेर आणलं. पिठाने तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला होता, आणि त्या पांढऱ्यावर रक्ताचे ओघळ. त्याला पाहताच जमावातून गुरगुर उठली. विलार्डने आतली पेटी घेतली, पण अंगापासून लांब धरली, साप धरावा तशी. एस्तेरे पुढे. मध्ये तो माणूस. मक्विंजाने मागून आपलं सगळं आडवंतिडवं शरीर त्याच्यावर छपरासारखं घातलं आणि तो चालू लागला.

वाट मिळत होती आणि मिळतही नव्हती. कुणी थुंकलं. कुणी त्या माणसाचा शर्ट ओढला. एक काठी आली ती थेट मक्विंजाच्या खांद्यावर बसली, हाड वाजल्याचं त्याला ऐकू आलं. आरोळी गळ्यापर्यंत आली. त्याने दात आवळले. एस्तेरेची पाठ पुढे चालत होती, ती वळली नाही, थांबली नाही, धावली नाही. धावली असती तर सगळे तुटून पडले असते. गाडीचं मागचं फळकं त्याने डाव्या हाताने पाडलं, माणसाला आत लोटलं आणि त्याच्या अंगावरच बसला.

एस्तेरे आणि विलार्ड पेटीसकट पुढे चढले. ओंडका मागे पडल्यावर सायटी एका दमात म्हणाला, “मी पुढच्या महिन्यात नोकरी सोडतोय, आताच सांगून ठेवतो.”

माणसाचं नाव सिलोबेला. पंचविशीचा, पलीकडच्या जिल्ह्यातला. दोन दात गेले होते आणि एक डोळा बंद झाला होता. तो डोळा नंतरही पुरता उघडला नाही. पण तो जगला. विलार्डने त्याला कोठडीत जाताना पाहिलं. मग एस्तेरेने पेटी उघडायला सांगितलं. बर्फाचं पाणी झालं होतं, बाटल्यांवर कोंबडीचं चित्र होतं. विलार्ड बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिला. “माझ्या आईच्या सगळ्या कोंबड्या गेल्या वर्षी मानमोडीने गेल्या,” एवढंच म्हणाला. त्याचा विश्वास बसला की नाही, मक्विंजाला सांगता आलं नाही.

दवाखान्यात भुवईला टाके पडेपर्यंत एस्तेरे स्थिर होती. परिचारिकेने धागा कापला आणि ती थरथरायला लागली, दात वाजायला लागले. मक्विंजाने आपला कोट तिच्या खांद्यांवर टाकला. खांदा दुखत होता म्हणून एकाच हाताने.

“तुम्ही ओरडलात ना,” ती म्हणाली, “म्हणून दगड आला. त्या बसल्या होत्या, सार्जंट. बाया सगळ्या बसल्या होत्या.”

“ते मागून जात होते पेट्रोल घेऊन.”

“मला दिसलं होतं. मी फालेसीलाच म्हणणार होते, की मावशी, त्या पोराला हाक मारा. तो तिचा भाचा आहे.”

हे मक्विंजाला माहीत नव्हतं. तिला कसं कळलं? तिने ऐकलं होतं म्हणून.

सोमवारी ठाणेदारांनी दोघांना बोलावलं. ते आधीच तापलेले. “ऐकलं ते खरं? शिकाऊ पोरीने भर गावात सार्जंटला हुकूम दिला? खात्याची काही लाज? नखुम्वा, हिंमत कशी झाली तुझी? मक्विंजा, तुम्ही सांगा काय झालं.”

“तिला विचारा, सर. काम तिचं होतं.”

“मी तुम्हाला विचारतोय!”

“आणि मी सांगतोय, सर. तिने मला बंदूक ठेवायला सांगितलं ते बरोबर होतं. ती बोलली नसती तर मी गोळी झाडली असती, आणि आज तुमच्यासमोर वेगळंच काहीतरी पडलं असतं. शिक्षा करायची तर मला करा. पण आधी तिचं ऐका.”

ठाणेदारांनी हात हवेत उडवला. मग एस्तेरे जरा थांबली आणि बोलली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न लपवता. सार्जंट ओरडले, तेही सांगितलं. त्या ओरडण्याने काय झालं, तेही. मक्विंजा समोरच्या भिंतीवरच्या पालीकडे बघत उभा राहिला. तिला मध्येच तोडावं, निदान ‘पण’ म्हणावं, असं त्याला दोनदा वाटलं.

शिक्षा कुणाला झाली नाही. शाबासकीही मिळाली नाही. चिराम्बो मॅडमनी त्याला काठावर पास केलं आणि वर वर्गाचा एक आठवडा पुन्हा करायला लावला. तो कुरकुरत गेला. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका डोंगरावर एका फिरत्या छायाचित्रकाराला लोकांनी जाळलं. तिथं कुणी पोहोचलंच नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी ठाणेदारांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर दोघं व्हरांड्यात आली. ऊन चढलं होतं. बाहेर ठाण्याची आचारीण मक्याच्या पिठाची न्सिमा घोटून आता सुकी मासळी तळत होती.

“राग आला?” एस्तेरेने विचारलं. “मी सगळं सांगितलं म्हणून?”

“आला.”

“खूप?”

“खूप.”

“मग आता?”

“आता काय,” मक्विंजा म्हणाला, “माझा उजवा हात वर होत नाही. न्सिमा वाढून दे. आणि मासळी जरा जास्त घे, ठाणेदाराच्या नावावर.”